उस्ताद तुस्कानो आणि त्यांची बाय

फ्रान्सिस तुस्कानोंच्या डोक्यावर एकही केस नव्हता, आणि त्याचं दुःख सोडाच, त्यांना फार कौतुक होतं. एसीच्या जाळीतून हवा किती येते ते मोजायचं एक महागडं यंत्र आमच्या कंपनीत होतं. उस्तादांनी ते कपाटातून कधी काढलं नाही. ते टोपी काढायचे, जाळीखाली जाऊन उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "डाव्या अंगाने कमी पडतेय." साइटवरचा इंजिनीअर हसायचा, यंत्र मागवायचा, शिडी लावून आकडे लिहून घ्यायचा आणि अर्ध्या तासाने तेच सांगायचा.

एकदा एका हॉटेलच्या जेवणघरात आमच्या डक्टमधून, म्हणजे एसीची हवा नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यातून, बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. उद्घाटन दोन दिवसांवर आलेलं. सल्लागारांचा इजिप्शियन इंजिनीअर घामाघूम होऊन म्हणाला, "उस्ताद, टुमॉरो फिनिश, इन्शाल्ला?"

"इन्शाल्ला नको हबीबी, टाइम बोलो," उस्ताद म्हणाले. "मैं बोलता हूँ, चार बजे."

टोपी काखेत मारून ते त्या लांबलचक डक्टखालून एकदा गेले, एकदा आले आणि एका ठिकाणी थांबून बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक केलं. "यहाँ खोलो." आत एका स्क्रूचं टोक जेमतेम अर्धा इंच बाहेर आलेलं होतं. "बघ सावंत," ते मला म्हणाले, "हवेला काही टोचलं की ती ओरडते. माणसासारखी गप्प बसत नाही." चारला पाच मिनिटं कमी होती तेव्हा आम्ही चहा पीत होतो.

मी त्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर. म्हणजे ज्याला बघून लोक हेल्मेट चढवतात आणि त्याची पाठ फिरली की काढतात, तो माणूस. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमची एसीचे डक्ट बनवणारी फॅक्टरी. तुस्कानो तिथे पत्राकामाचे फोरमन. मूळचे वसईचे. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांना तिथे वीस वर्षं झाली होती. सगळी शॉप, म्हणजे फॅक्टरीचं वर्कशॉप, त्यांना उस्ताद म्हणायची. मी कागदोपत्री मिस्टर तुस्कानो म्हणायचो आणि गाडीत अंकल.

गाडी माझी. आम्ही दोघेही शारजाला राहायचो, भाडं परवडतं म्हणून राहतात तसे. सकाळी जायला सव्वा तास, संध्याकाळी यायला दोन. अशी दहा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून काढली. बायकोशीसुद्धा मी सलग इतकं बोललेलो नाही. अर्थात बोलायचे तेच.

आणि बोलायचे ते एकाच विषयावर. वाफेची इंजिनं. तीही साधी नाहीत. नव्वदेक वर्षांपूर्वी विलायतेत, जर्मनीत, अमेरिकेत पॅसेंजर गाड्या जास्तीत जास्त वेगाने पळवायची चढाओढ लागली होती, तेव्हाची. त्या इंजिनांना वरून गुळगुळीत पत्र्याचं आवरण चढवलेलं असे, हवेने अडवू नये म्हणून. उस्ताद त्यांना म्हणायचे 'पत्रा नेसवलेली इंजिनं'.

"वाफेचं इंजिन मूळचं बेढब रे," ते सांगायचे. "पाइप बाहेर, पंप बाहेर, डोक्यावर टेंगळं. हवेला जिथेतिथे अडतं. मग कुणीतरी शहाणा म्हणाला, हिला पत्रा नेसवा. ताशी दोनशेच्या वर गेलं सावंत, कोळशावर! आणि आपण बघ. पेट्रोल, सहा सिलिंडर, पुढे सहा लेन. किती आहे काटा?"

"आठ."

"आठ," ते समाधानाने म्हणायचे.

शेजारून एखादा ट्रेलर गेला की त्यांचा जीव कळवळायचा. "बघ, कसा धडका देतोय हवेला. कपाट चाललंय कपाट." लहानपणी वसईला त्यांनी आपल्याकडची बुलेट नाकाची इंजिनं पाहिली होती. त्यांच्यावर मात्र त्यांचा राग होता. "ते नुसतं नाक होतं. टोपी घातली आणि बाकी उघडं. त्याला काय नेसणं म्हणतात?"

खरा राग त्यांना दुसऱ्याच लोकांचा होता, आणि ते लोक मरूनही साठ-सत्तर वर्षं झाली असतील. ही सुंदर आवरणं पुढे बहुतेक इंजिनांवरून कापून टाकली गेली. दुरुस्तीला हात आत जाईना, बेअरिंग झाकलेली राहून तापायची, त्यात महायुद्ध आलं. तेव्हाच्या फिटर लोकांनी सरळ कातर लावली. हे सांगताना उस्तादांचा आवाज चढायचा. "अरे, झडप ठेव! दार ठेव! हात घालायला जागा ठेव! पत्रा कापायचं काय कारण? ज्याने तो ठोकून ठोकून घडवला त्याला विचारलं कुणी?"

मी एकदा फिटरांची बाजू घेतली. माझा धंदाच तो. "पण अंकल, बेअरिंग डोळ्यांना दिसायला नको? तुटलं तर माणसं मरतील." त्यावर ते एका उड्डाणपुलापासून दुसऱ्या उड्डाणपुलापर्यंत काही बोलले नाहीत. त्या वेळच्या ट्रॅफिकमध्ये ते अंतर चाळीस मिनिटांचं होतं.

दोनेक वर्षं असं ऐकल्यावर मला कळलं की अंकल नुसतं बोलत नाहीत, बनवतायत. एका ख्रिसमसला त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. मी, मेघना आणि आमची इरा, तेव्हा सात वर्षांची. त्यांच्या मिसेस फिलोमिना त्या वर्षी वसईहून आल्या होत्या. एरवी त्या तिकडेच असत, मुलगा कॅनडाला. केक झाला, वाइनच्या नावाखाली द्राक्षाचा रस झाला, आणि मग फिलोमिनाबाई म्हणाल्या, "जा, दाखवा त्यांना तुमची बाय. मी इथं महिनाभर आलेय, तर पलंगाच्या त्या बाजूनं तिला वळसा घालून झोपायला जाते."

बेडरूममध्ये, जिथे दुसऱ्याच्या घरी ड्रेसिंग टेबल असतं तिथे, एका मजबूत बाकावर ती होती. तीन फूट लांब. गडद निळी. नाक जमिनीकडे उतरत गेलेलं, खांदे गोल, चाकं निम्मी झाकलेली. ते कुठल्या प्रसिद्ध इंजिनाचं मॉडेल नव्हतं. आकार सगळा उस्तादांच्या डोक्यातला. आत तांब्याचा खराखुरा बॉयलर, खरी चाकं, खरे दट्टे. तोवर तिला दहा वर्षं झाली होती आणि एकट्या नाकाला दोन. नाकाचा पत्रा त्यांनी चामड्याच्या पिशवीत वाळू भरून तिच्यावर ठोकून ठोकून वळवला होता. त्यासाठी लागलेला पत्र्याचा प्रत्येक तुकडा कंपनीच्या स्टोअरमधून चिठ्ठी करून, पैसे भरून आणलेला. भंगारात जाणारा तुकडासुद्धा. त्या चिठ्ठ्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या.

मी आणि मेघना 'वा वा' म्हणत राहिलो. इरा मात्र वाकून, मान वेळावून, खालून वरून बघत होती. मग म्हणाली, "अंकल, व्हेअर आर हर स्क्रूज?"

उस्तादांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "बघ सावंत! पोरीला दिसलं! तू रोज मला घेऊन जातोस आणतोस, तुला कधी विचारता आलं नाही." मग त्यांनी तिला मांडीवर बसवून एक पत्र्याची पट्टी आणि दुसरी पट्टी घेतली, दोघींच्या कडा दुमडल्या, एकमेकींत अडकवल्या आणि हातोडीने चपट्या केल्या. डक्टची शिवण अशीच घालतात. एकदा बसली की सुटत नाही. बायचं आख्खं आवरण तसं पोटाखाली नेऊन शिवलेलं होतं. "नो स्क्रू, नो रिव्हेट. एअर कम्स, गोज, नो प्रॉब्लेम."

"बट हाउ डू यू ओपन हर?" इराने विचारलं.

"व्हाय ओपन?" उस्ताद म्हणाले. कोळसा घालायला मागे दार होतं, पाण्याला वर झाकण होतं, तेल द्यायला चाकांशी फटी होत्या. उघडायची गरजच त्यांनी ठेवली नव्हती. त्या दिवशी मी त्या दोघांचा फोटो काढला आणि केकचा दुसरा तुकडा घेतला. सेफ्टी ऑफिसरच्या डोक्यात तिथेच घंटा वाजायला हवी होती. वाजली नाही.

बाय वाफेवर कधी चालली नव्हती. कॉम्प्रेसरची हवा सोडून त्यांनी तिची चाकं बाकावर फिरवून पाहिली होती, तेवढंच. रूळही त्यांनी तयार केले होते, वीस मीटरचे, लोखंडी पट्ट्यांचे. ते फॅक्टरीच्या मागच्या आवारात परवानगी घेऊन ठेवले होते. पण वाफ करायला ते तयार नसायचे. आधी रंग नीट नव्हता, मग एक झडप गळत होती, मग आवरणाच्या डाव्या खांद्यावर त्यांना एक खड्डा दिसायला लागला. तो खड्डा त्यांच्याशिवाय जगात कुणालाच दिसत नव्हता. "घाई काय आहे?" म्हणायचे. "एकदाच पहिल्यांदा चालणार ना ती."

घाई होती. कंपनीचे मालक बदलले, आणि नव्यांनी साठीच्या पुढच्या सगळ्यांच्या व्हिसांवर फुली मारली. उस्ताद बासष्टचे होते. जूनच्या सुरुवातीला पत्र आलं. जुलैअखेर शेवटचा दिवस. मी एचआरकडे जाऊन बोललो, जनरल मॅनेजरकडे जाऊन बोललो. दोघेही फार गोड वागले आणि दोघांनीही काही केलं नाही. गाडीत मी तावातावाने सांगत होतो तर उस्ताद म्हणाले, "सोड ना. आपण इथे पाहुणे. पाहुण्याने किती दिवस राहायचं ते घरवाला ठरवतो. खलास."

त्यांना खरी काळजी होती ती बायची. कार्गोवाल्याने तिला बघून हात जोडले. आत टाकी, टाकीला पाइप, प्रेशरचा काटा, आणि कागद एकही नाही. "अंकल, मुंबई में कस्टमवाला इसको काट के देखेगा," तो म्हणाला. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. म्हणजे ती इथेच राहणार हे ठरलं. मग जायच्या आधी ती एकदा, एकदाच, वाफेवर, तिच्या निळ्या पत्र्यात वीस मीटर चालावी. त्यांना बाकी काही नको होतं. ग्रॅच्युइटीचा हिशेबही त्यांनी न वाचता सही करून टाकला.

सात जुलैला ते माझ्या केबिनमध्ये आले. दहा वर्षांत ते तिथे स्वतःहून कधी आले नव्हते. टोपी हातात.

"सावंत, एक परमिट पाहिजे. मागच्या यार्डात. एक तास."

आमच्याकडे आग, उंची, प्रेशर असलं काहीही करायचं तर लेखी परमिट लागतं आणि त्यावर माझी सही लागते. मी आनंदाने फॉर्म ओढला. नाव, जागा, वेळ. आणि मग तो रकाना आला: प्रेशर टेस्टचा दाखला.

"बॉयलरची टेस्ट झालीय ना, अंकल?"

"झालीय की. बारा वर्षांपूर्वी. दुप्पट प्रेशरला, पाण्यावर."

"कागद?"

"कागद कशाला? मीच केली, मीच बघितली."

मी पेन खाली ठेवलं. "परत करावी लागेल. सोपी आहे. बॉयलर पाण्याने भरायचा, पंपाने प्रेशर चढवायचं, अर्धा तास सोडायचं आणि सगळे सांधे डोळ्यांनी बघायचे. मी करतो, मीच सही करतो."

"डोळ्यांनी?" ते म्हणाले. मला कळायला थोडा वेळ लागला. मग इराचा तो प्रश्न आठवला: हिला उघडायचं कसं?

"काट्यावर दिसेल ना," ते म्हणाले. "काटा पडला नाही म्हणजे गळत नाही."

"काट्यावर गळती दिसेल. फुगलेला सांधा दिसणार नाही. अंकल, बारा वर्षं झाली. तांबं आहे, आत वाफ असणार. फुटलं तर तुम्ही शेजारी उभे असाल."

"म्हणजे पत्रा काढायला पाहिजे."

"निघतो का?"

"निघत नाही," ते म्हणाले. "कापायला लागेल."

मी तेव्हा काय काय म्हणू शकलो असतो, याची यादी मी नंतर पुष्कळदा केली आहे. म्हणू शकलो असतो की अंकल, रूळ टाका माझ्या गाडीत, वाळवंट काय कमी आहे, पहाटे जाऊ आणि चालवून येऊ. म्हणू शकलो असतो की मी बघितलं, ठीक आहे, आणि सही करू शकलो असतो. मी म्हणालो, "प्रोसिजर आहे." हा शब्द मी आयुष्यात हजारदा वापरला असेल. तो इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं.

उस्तादांनी वाद घातला नाही. घातला असता तर मी मोडलो असतो, असं मला वाटतं. पण त्यांनी आयुष्यभर भंगाराचीसुद्धा चिठ्ठी केली होती. शेवटच्या महिन्यात विनापरमिट काही करायचं त्यांच्या हातून होणार नव्हतं.

गुरुवारी कामाची वेळ संपल्यावर त्यांनी बायला शॉपमध्ये त्यांच्या टेबलावर उताणी ठेवली, खाली जुन्या ब्लँकेटच्या घड्या घालून. शिवणीवर पेन्सिलने रेघ मारली. आपल्या हाताखालच्या कुणालाही त्यांनी हात लावू दिला नाही. कातर घेतली आणि मला म्हणाले, "पत्रा ऐकतो रे, पण एकदाच ऐकतो." मग कापायला सुरुवात केली. कातरीचा आवाज शॉपमध्ये दिवसभर चालू असतो, त्यात नवीन काही नव्हतं. मी मात्र बाहेर जाऊन पाण्याच्या कूलरपाशी उभा राहिलो.

परत आलो तेव्हा आवरण बाजूला काढलेलं होतं, आणि ते उलगडून पडलं होतं. वर्षानुवर्षं ताणून बसवलेला पत्रा, शिवण तुटल्याबरोबर दोन्ही अंगांनी फाकला होता. आणि टेबलावर बाय होती. पाइप बाहेर, पंप बाहेर, डोक्यावर टेंगळं.

टेस्ट घेतली. पाणी भरलं, प्रेशर दुप्पट चढवलं. अर्धा तास मी बॅटरी घेऊन एकेक सांधा बघत होतो. एक थेंब नाही. कुठे फुगवटा नाही. काटा केसभर हलला नाही. बारा वर्षांपूर्वी ज्या माणसाने ते झाळलं होतं, त्याने ते जन्मभरासाठी झाळलं होतं.

"पास, अंकल!" मी ओरडलोच. "मुबारक हो! फर्स्ट क्लास पास!"

ते बॉयलरकडे बघतच नव्हते. ते आवरणाच्या दोन कडा हाताने जवळ आणून बघत होते. कडांमध्ये बोटभर अंतर राहत होतं. मी माझा दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. तो कागद बरोबर आहे आणि आजही फाईलला आहे. असा निरुपयोगी बरोबर कागद मी दुसरा लिहिलेला नाही.

त्यानंतर नऊ दिवस ते रोज सुट्टीनंतर थांबले. मीही थांबायचो, कारण गाडी माझी आणि गुन्हाही माझाच. त्यांनी पट्ट्या लावून पाहिल्या, तारेने आवळलं, शेवटी नाइलाजाने स्क्रूसुद्धा लावले. स्क्रू लावताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. कडा जुळवल्या की डावी बाजू आत दबायची आणि चाकांच्या दांड्यांना घासायची. डावी सोडवली की उजवी घासायची. शॉपमधली पाकिस्तानी, बंगाली, मल्याळी पोरं एकेक करून येऊन बघून गेली. प्रत्येकाने काहीतरी सुचवलं. उस्तादांनी प्रत्येकाचं ऐकून घेतलं, करून बघितलं आणि "शुकरिया" म्हटलं. नवीन पत्रा घडवायला वर्ष लागलं असतं. हातात आठवडाही उरला नव्हता.

"तशीच चालवू या अंकल," मी एकदा धीर करून म्हटलं. "इंजिन तर तेच आहे ना?"

"तशी कुणीही चालवतं," ते म्हणाले.

एका संध्याकाळी फिलोमिनाबाईंचा मला फोन आला. "ते काही बोलत नाहीत हो फोनवर. आधी मी कंटाळायची, चाक असं नि नाक तसं. आता विचारलं की म्हणतात, ठीक आहे. काय झालंय?" मी म्हटलं, कामाचं प्रेशर आहे. त्या म्हणाल्या, "आता कसलं काम?"

त्यांचं विमान शनिवारी संध्याकाळी होतं. परमिटची मुदत त्याच दिवशी संपत होती. सकाळी साडेपाचला त्यांचा फोन आला.

"परमिट व्हॅलिड आहे ना?"

"आज आहे."

"मग यल्ला, चल."

शनिवारची सुट्टी, फॅक्टरी बंद. गेटवर वॉचमन आणि आत आम्ही दोघं. सात वाजायच्या आत छत्तीस-सदतीस डिग्री झालेली. रूळ आवाराच्या भिंतीलगत मांडले होते, लाकडी पॅलेटवर, कारण तेवढ्याच पट्ट्यात सावली होती. परमिटवरच्या अटी मीच लिहिलेल्या: शेवटी वाळूची पोती, पाच मीटरच्या आत दुसरं कुणी नाही, आणि सेफ्टी ऑफिसरने आग विझवायचा सिलिंडर दोन्ही हातांत तयार धरून उभं राहायचं. त्यामुळे मोबाईल माझ्या खिशातच राहिला.

उस्तादांनी घरच्या एसीचं ठिबकलेलं पाणी कॅनमध्ये साठवून आणलं होतं, त्यात क्षार नसतात म्हणून. कोळसा सुपरमार्केटमधला, बार्बेक्यूचा. चिमणीवर छोटा पंखा धरून त्यांनी जाळ फुलवला. काटा हळूहळू चढत गेला. मग सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सुटली, आणि तिच्या त्या पहिल्या फुत्काराने मी दचकून एक पाऊल मागे सरलो. ते हसले. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

त्यांनी दट्ट्यांना वाफ सोडली. चाकं दोनदा जागच्या जागी घसरली, तिसऱ्यांदा धरली, आणि बाय चालू लागली. उघडीच. माणूस चालतो त्या वेगाने. फक् फक् आवाज भिंतीवर आपटून परत येत होता.

मग उस्ताद वळले. पाठीमागे पॅलेटवर ते निळं आवरण पडलेलं होतं, मी ते बघितलंच नव्हतं. त्यांनी ते दोन्ही हात पसरून उचललं, दोन ढांगांत तिला गाठलं, आणि कमरेत वाकून तिच्यावर धरलं. न टेकवता. बोटभर वर. दांड्यांना घासू नये एवढं फाकवून. आणि तसेच तिच्याबरोबर चालू लागले.

बासष्ट वर्षांचा माणूस, कमरेत दुमडलेला, तीन फुटांचा पत्रा दोन हातांत धरून, एकेक पाऊल आडवं टाकत. चिमणीजवळचा पत्रा तापला असणार, कारण त्यांनी उजव्या हाताची पकड दोनदा बदलली. सोडला नाही. मी "अंकल" म्हणून हाक मारली. थांबवायचं होतं? कशासाठी? मी सिलिंडर धरून नुसता उभा राहिलो.

वीस मीटर. पोत्यांना टेकून ती थांबली, चाकं थोडी फिरली. त्यांनी आवरण सावकाश खाली ठेवलं, वाफ बंद केली आणि तिथेच पॅलेटवर बसले. शर्ट अंगाला चिकटला होता. मी धावत पाण्याची बाटली घेऊन गेलो.

बराच वेळ त्यांना दम लागत होता. मग म्हणाले, "मला नाही दिसली रे. वरून धरलं होतं ना. आतून नुसता पत्रा दिसतो." आणि माझ्याकडे वळले. "तू उभा होतास तिथून दिसली असेल. कशी दिसत होती?"

ती भिंतीला लागून चालली होती, आणि माझ्या आणि तिच्यामध्ये ते होते. वीस मीटरभर मला त्यांची पाठ दिसली होती, दोन कोपरं दिसली होती आणि डोक्यापलीकडे थोडी वाफ.

"एक नंबर, अंकल," मी म्हणालो.

"नाक?"

"नाक एकदम सरळ. वाफ खांद्यावरून मागे जात होती."

"मागे जात होती ना?" ते म्हणाले. "चिकटून जात होती की वर उडत होती?"

"चिकटून."

त्यांनी मान हलवली. संध्याकाळी मी त्यांना विमानतळावर सोडलं. दोन बॅगा ट्रॉलीवर चढवून झाल्या, हात मिळवून झाला, आणि ते काचेच्या दाराकडे गेलेही. तिथून ट्रॉली वळवून परत आले. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "सावंत, परत एकदा सांग ना." मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि या वेळी त्यात आणखी थोडं घातलं.